१६ मिमी निगेटिव्हवर लावणी, मागे सलग पांढरं: भिंत किती स्टॉप वर ठेवायची?

नऊवारी_फ्रेम:
सुपर १६ (१६ मिमीचीच रुंद फ्रेम), कोडॅक व्हिजन३ २००टी (७२१३) फिल्म, टंगस्टन दिवे, सेकंदाला २४ फ्रेम. एकच नर्तकी, आपादमस्तक. मागचं शुभ्र हवं, भिंत-जमिनीचा सांधा दिसायला नको. भिंत चेहऱ्यापेक्षा ३ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वर ठेवली. पांढरी आली, पण साडीच्या कडा धुरकट आणि केस राखाडी. चुकतंय काय?

काळा_कटर:
३ स्टॉप कुठल्या मीटरने? घोळ बहुधा तिथेच आहे. स्पॉट मीटर (वस्तूवरून परत येणारा उजेड मोजणारा) समोरचं सगळं १८ टक्के राखाडी धरतो. चांगला पांढरा रंग ९० टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फेकतो, म्हणजे तो मुळातच सव्वादोन-अडीच स्टॉप वर. इन्सिडंट मीटर (वस्तूवर पडणारा उजेड मोजणारा) नर्तकीपाशी टी४ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) आणि भिंतीपाशीही टी४ सांगत असेल तर भिंत पांढरीच येणार. फार तर अर्धा स्टॉप वाढवा. इन्सिडंटने ३ वाढवले की भिंत ५ च्या वर जाते. निगेटिव्ह तेवढं सोसेल, लेन्स नाही सोसत. आत प्रकाश विखुरतो आणि काळं फिकट पडतं.

नर्तकी भिंतीपासून निदान १२ फूट पुढे घ्या. फ्रेमबाहेरचं पांढरं काळ्या कापडाने झाका, ते नुसतं धुरकटपणा वाढवतं. तिच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या अगदी कडेला, ८ फुटी काळे कटर (उजेड अडवणारे फलक) उभे करा. काठाला रेघ त्यांनीच येते.

पायघोळ:
पार्श्वभूमीचा २.७२ मीटर रुंद कागदी रोल नकोच. घुंगरांच्या ठेक्याने फाटतो आणि गिरकीला अपुरा पडतो. १२ मिमी प्लाय, सांध्यात पुट्टी, वर मॅट पांढरा रंग. आळता पूर्ण वाळू द्या, तरी रंग-रोलर हाताशी हवाच. टेक सुरू होईपर्यंत जमिनीवर चादर. जमीन भिंतीपेक्षा मळकट दिसते, तेव्हा वरून, किंचित मागून, मोठा सॉफ्ट दिवा लावा. पावलांखालची सावली मात्र पुरती मारू नका, बाई तरंगायला लागते.

गेट_बघा:
प्रत्येक टेकनंतर गेट (कॅमेऱ्यातली फिल्मसमोरची चौकट) तपासा. गेटमधला केस प्रकाश अडवतो, म्हणून पडद्यावर काळा दिसतो. पांढऱ्यावर तो लपायला जागाच नाही. (निगेटिव्हवर नंतर बसलेली धूळ पांढरी उमटते, ती इथे फुकटात लपते.) रोलच्या सुरुवातीला चेहऱ्यावरच्या प्रकाशात राखाडी कार्ड घ्या, नाहीतर स्कॅनिंगवाला एवढं पांढरं बघून सगळंच खाली ओढतो.

नऊवारी_फ्रेम:
इन्सिडंटनेच वाढवले होते. खोली २० फुटांची आहे. १२ सोडले तर कॅमेऱ्याला ८ उरतात.

काळा_कटर:
८ फुटांवरून ७ फूट उंची बसवायची तर ८ मिमी लेन्स लागेल, आणि हात पुढे आला की पंजा तोंडाएवढा. १६ मिमी लेन्सला १५ फूट लागतात. तिपाई धरून ३० फुटांची जागा बघा.