सोलापूरच्या उन्हाला पन्हं नाही, आंबील पाहिजे. पटत नसंल तर बोला

माळावरचा
पारा ४२ च्या वर गेला की आपल्याकडं घराघरात एकच सुरू होतं, कैऱ्या आणल्या का, पन्हं केलं का, पाव्हण्याला पन्हं द्या. माझं म्हणणं सरळ आहे, पन्हं चवीला भारी पण रोज दुपारी प्यायचं पेय ते नाही. एक वाटी कैरीच्या गराला दोन वाट्या गूळ, असंच बहुतेक घरात करतात. हिशोब लावून बघा, एका ग्लासात ३० ग्रॅमच्या आसपास गूळ जातो पोटात. दोन ग्लास मारले की जेवण जात नाही आणि अर्ध्या तासात परत घसा कोरडा.

आणि आपल्या दारात काय पिकतं? ज्वारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला २०१६ ला, तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पण ती ज्वारी भाकरीपलीकडं कुणाच्या घरात दिसते सांगा. रब्बीची नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चात घरात आलेली असते, म्हणजे ऊन चढायला आणि पीठ ताजं असायला एकच टाइम.

त्याच ज्वारीच्या आंबिलीची कृती सांगतो, अवघड काही नाही. रात्री दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर आंबट ताकात गुठळी न ठेवता कालवायचं आणि झाकून ठेवायचं. सकाळी तीन वाट्या पाणी उकळायला ठेवायचं, उकळी फुटली की ते भिजवलेलं धारेनं सोडायचं आणि हात न थांबवता ढवळायचं, सात-आठ मिनिटं, कच्चा वास जाईपर्यंत. गार झालं की घट्ट होतं म्हणून आधीच पातळ ठेवा. मग वरनं ताजं ताक, मीठ, ठेचलेला लसूण-जिरं, कोथिंबीर. सकाळी ११ ला एक तांब्या पोटात गेला की दुपारच्या जेवणापर्यंत बघायला नको.

कैरीवाली_जुळे_सोलापूर
आंबील उन्हाळ्याची कधीपासनं झाली ओ? आमच्याकडं ती येळ अमावस्येला, म्हणजे भर थंडीत, शेतात बसून भज्जी आणि बाजरीच्या उंड्यांबरोबर पितात. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडं कुणालाही विचारा, तिकडं लातूर-धाराशिवला पण तेच. तुम्ही थंडीचं पेय उचलून उन्हात आणलं आणि चैत्रगौरीच्या पन्ह्याला नावं ठेवालेत. चैत्राच्या हळदीकुंकवाला आंबेडाळ आणि पन्हं हे काय उगीच ठरलंय का, कैरी त्याच महिन्यात येते म्हणून ठरलंय.

दोन वाट्या गूळ घाला असं कुणी बंदूक लावून सांगितलंय का? मी गराइतकाच गूळ घालते, मीठ आणि वेलची, भाजलेल्या जिऱ्याची पूड. आणि कैरी उकडत नाही, गॅसवर जाळी ठेवून भाजते, साल काळी पडली की गर आपोआप सुटतो. त्या धुरकट वासाला तोड नाही. तुमच्या लसणाच्या आंबिलीला माझी पोरं हात पण लावणार नाहीत.

माळावरचा
ताई, येळ अमावस्येची आंबील मी पण पितो, ती घट्ट असते आणि दोन-दोन दिवस आंबवतात. उन्हाळ्यातली पातळ, एका रात्रीची. पीठ तेच, काम वेगळं. शेतात मजूर मार्च-एप्रिलात सकाळी कामाला निघताना हेच पिऊन जायचे, भाकरीच्या आधी.

पोरांचं म्हणाल तर लसूण वगळा, चिमूटभर गूळ घाला, पितात.

पूर्वभाग_अक्का
तुम्ही दोघंही गॅस पेटवायचंच बोलालेत. मे महिन्यात गॅससमोर आठ मिनिटं ढवळत उभं राहणं कुणाच्या वाट्याला येतं, बोला की.

आमच्या तेलुगू घरात रामनवमीला पानकम करतात, त्याला काही शिजवायचंच नाही. माठातलं पाणी, त्यात किसलेला गूळ, मिरे जाडसर कुटून, सुंठ, वेलची, बस. सोबत भिजवलेली मूगडाळ, वडपप्पु. मिऱ्यानं तोंडाला हलकं चुरचुरतं आणि मग गार वाटतं. अशोक चौकाच्या बाजूला रामनवमीला फिरा, कुणी ना कुणी ग्लास हातात ठेवतंय. कन्नड शेजारीण पण हेच करते, ती पानका म्हणते आणि लिंबू पिळते. म्हणजे सोलापूरचं पेय एकच, असं काही नसतंय बघा.

आणि एक, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतंय, त्यात आंबिलीच्या बुडाला लागलेलं पातेलं घासायला पाणी कोण देणार?

कैरीवाली_जुळे_सोलापूर
अक्का 🙏 पातेल्याचा मुद्दा एक नंबर.

पत्र्याची_शेड
यंत्रमागावर काम करतो, अक्कलकोट रोडला. वर पत्रा, खाली माग, आवाज इतका की शेजारच्याशी हातवाऱ्यांनी बोलायचं, आणि दुपारी बारा ते चार अंगातनं नुसतं पाणी गळतंय बघा शर्ट पिळला की थेंब पडतील असा. आम्हाला घोटभर पेय चवीला नको, टिकणारं पाहिजे. आंबील मी नेऊन बघितली बाटलीतनं, ताक घातलेली असली की दोनपर्यंत आंबट ढाण होते. पन्हं टिकतं पण गोड गोड होतं, माशा बसतात. मी सध्या पाणी, लिंबू, मीठ, थोडी साखर, एवढंच नेतो. ताक घरी गेल्यावर. हे एसीत बसून चाललेलं आंबील का पन्हं मला पटत नाही, कुणाला कुठं प्यायचंय ते आधी बघा.

माळावरचा
भाऊ बरोबर आहे, पण बाटलीत न्यायची तर ताक न घालता न्या की, नुसती शिजवलेली मीठ घालून. पिताना ताकाचा वेगळा डबा. आणि रात्री पीठ लवकर भिजवू नका. मे मध्ये आपल्या स्वयंपाकघरात रात्री पण गरमच असतं, संध्याकाळी सहाला भिजवलेलं सकाळपर्यंत जास्तच चढतं. झोपताना भिजवलं की पहाटे तयार.

दवाखान्यात_असतो
एक गोष्ट राहून जाते म्हणून लिहितो. साखर वाईट आणि मीठ चांगलं असं नसतं. आतड्यात मीठ आणि ग्लुकोज जोडीनं आत घेतलं जातं आणि त्यांच्या मागं पाणी जातं. जुलाबात द्यायचं घरगुती पाणी त्यावरच चालतं: एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट ६ लहान चमचे साखर, सपाट अर्धा लहान चमचा मीठ. त्यापेक्षा जास्त साखर घातली तर उलट त्रास वाढू शकतो, दोन वाट्या गूळवाल्यांनी हे ध्यानात घ्या. आंबिलीतलं पिठूळ पण पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतं, त्यामुळं तिला वेगळं काही मानायचं कारण नाही, आणि शुगरवाल्यांनी ती तांब्यानं पिऊ नये. बीपीवाल्यांनी मिठाचं आपल्या डॉक्टरांना विचारून.

आणि उन्हात माणूस बडबडायला लागला, अंग तापलंय, नीट शुद्धीत नाही, तर पन्हं पण नको आणि आंबील पण नको, तोंडात काही घालू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि दवाखाना गाठा. दरवर्षी मे मध्ये कुणी तरी बेशुद्ध माणसाच्या तोंडात लिंबूसरबत ओतून आणतंय.

माळावरचा
माहिती चांगली दिली. पण ते आजारी माणसाचं झालं. मी धडधाकट माणूस रोज काय पिईल ते बोलालोय. रोजच्याला पन्ह्याइतकी साखर कशाला? आंबिलीत साखर शून्य घालतोय ना.

दवाखान्यात_असतो
धडधाकट माणसाला रोजच्याला साधं पाणी आणि दोन वेळचं जेवण पुरतं. बाकी सगळं हौस. हौस करा की, कोण नाही म्हणालंय.

पुण्यात_अडकलेला
इकडं आंबिलीचं रेडिमेड मिक्स मिळतं, पाकिटावर मिलेट आणि प्रोबायोटिक असलं काय काय छापलेलं. कुणी घेतलंय का? घरी पीठ नाही, ज्वारी दळून आणायला वेळ नाही.

माळावरचा
बे, ते मिक्स तू उकळत्या पाण्यात टाकणार, त्यातलं जिवंत काय उरणार आहे? घरच्या आंबिलीत पण शिजवताना आंबवणारे जंतू मरतातच, चव आणि आंबटपणा उरतो. पोटाला जिवंत काही पाहिजे तर वरनं घातलेल्या ताज्या ताकातनं मिळतं. गावावरनं येताना दोन किलो मालदांडी ज्वारी घेऊन जा, आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं वाण आहे ते, पुण्यातल्या गिरणीत दळ. जुनं पीठ घेऊ नको, कडू लागतंय.

कैरीवाली_जुळे_सोलापूर
घ्या, म्हणजे आंबिलीचे सगळे फायदे ताकाचे निघाले 😄 मग नुसतं ताकच प्यावं की.

माळावरचा
नुसत्या ताकानं भूक भागत नाही ताई.

पत्र्याची_शेड
हे मात्र खरंय.

पूर्वभाग_अक्का
बर्फाचं पण कुणी तरी बोला. गाड्यावरच्या सरबतात जो बर्फ टाकतात तो बऱ्याचदा मासे आणि दूध गार ठेवायचा असतो. २०१८ ला न खायच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आला होता, पण रस्त्यावर मला तरी निळा बर्फ कधी दिसला नाही, सगळा पांढराच. घरात बर्फ लागतोच कशाला, सोलापूरची हवा कोरडी, माठ इथं जितका गार होतो तितका मुंबईत होत नाही, तिकडं हवेतच ओल असते. माठात वाळ्याची जुडी सोडा, त्या पाण्यात पानकम करा.

कैरीवाली_जुळे_सोलापूर
माठाला माझं मत. पण अक्का, गूळ माठातच विरघळवत नाही ना तुम्ही? माझ्या जावेनं एकदा पन्हं थेट माठात केलं, नंतर त्या माठाला आठवडाभर मुंग्या आणि आंबूस वास, शेवटी झाड लावलं त्यात.

पूर्वभाग_अक्का
छे छे, माठातनं फक्त पाणी घ्यायचं. पानकम स्टीलच्या पातेल्यात. पितळेचं असलं तर कल्हई बघून, लिंबू पिळणार असाल तर नकोच. तुमच्या कैरीला पण तेच, तांब्या-पितळेत आंबट ठेवू नका.

माळावरचा
भांड्यांवर आपलं तिघांचं एकमत झालं म्हणायचं. पेयावर नाही. कैरीवाल्या ताई, रविवारी एकदा आंबील करून बघा, लसूण न घालता, आणि पोरांना न सांगता द्या.

कैरीवाली_जुळे_सोलापूर
करते. पण तुम्ही पण भाजक्या कैरीचं पन्हं, गूळ गराइतकाच, असं करून प्यायचं आणि इथं खरं खरं लिहायचं. पातेलं तुमचं तुम्ही घासायचं.