लेथच्या बेडचं स्क्रॅपिंग करायचंय, तीन फुटी स्ट्रेट एज नागपुरात कुठं मिळेल?

हिंगणा_खराद:
नमस्कार मंडळी. हिंगण्याला छोटं वर्कशॉप आहे, जुना साडेचार फुटी लेथ घेतलाय. बेड (लेथचा लांब पाया) हेडस्टॉकजवळ, म्हणजे काम फिरवणाऱ्या टोकाला, चांगलाच खाल्लेला, समोरच्या टेलस्टॉककडे मात्र जवळपास कोरा. ग्राइंडिंगला पाठवायचं तर खर्च अन् वाहतूक झेपत नाही, म्हणून हातानंच स्क्रॅप करतो (पात्यानं उंचवटे खरवडून सपाट करतो) म्हटलं. सरफेस प्लेट (तपासणीचा सपाट पाटा) आहे १८ इंची, पण मोठी स्ट्रेट एज (सरळपणा तपासायची पट्टी) नाही. इतवारीत लोहा ओळीत विचारलं तर सगळे स्टीलची पट्टीच दाखवतात, मला बिडाची पायजे, कमानीची, एका बाजूला कोन असलेली, म्हणजे डोव्हटेलमधे (तिरक्या कडेच्या खाचेत) पण शिरेल. ग्रॅनाइटची घेतली तर चालेल का?

टूलरूम_बुटीबोरी:
स्टीलची पट्टी फिलर गेज घालून फट बघायला ठीक, तिच्यावर ब्लू (मार्किंगचा निळा रंग) लावून डाग उमटवायला रुंदीच नसते. ग्रॅनाइट गंजत नाही, सपाट वेवर (बेडवरच्या सरकत्या भागांच्या पट्टीवर) मस्त चालते, पण डोव्हटेलमधे जाईल असा धारदार कोन दगडाला टिकत नाही, टवका उडतो. आणि झिजली की आपल्या हातानं दुरुस्त करता येत नाही, बिडाची कधीही परत स्क्रॅप करता येते.

जुना_फिटर:
भाऊ, तयार मिळायची वाट पाहू नका, कास्टिंग (बिडाचा ओतीव तुकडा) मिळवा. बंद पडलेल्या कारखान्याचा लिलाव असला की जाऊन या, वर्षानुवर्षं पडून राहिलेलं बीड बसलेलं असते, नंतर वाकत नाही. नाहीच मिळालं तर लकडगंजातून सागवान घेऊन पॅटर्न करून घ्या अन् फाउंड्रीत एफजी २६० (बिडाचा एक ग्रेड) मधे ओतून घ्या. रफ मशिनिंग करून दोनतीन मिलिमीटर ठेवायचं, मग ५५० ते ६०० डिग्रीला स्ट्रेस रिलीव्ह (तापवून आतला ताण काढणं), आणि भट्टीतच हळूहळू थंड होऊ द्यायचं, घाईनं बाहेर काढलं तर सगळं वाया.

आता खरी अडचण. १८ इंची प्लेटवर तीन फुटी एज सरळ होत नाही, तुकड्या-तुकड्यानं जुळवत गेलं की बाक तसाच पुढं सरकत जाते. एखाद्या टूलरूमच्या इन्स्पेक्शनमधे मीटरभराची प्लेट असते, शब्द टाकून पहा. नसेल तर तीन कास्टिंग ओतून एकमेकींवर लावायच्या, इंग्रज इंजिनियर व्हिटवर्थनं १८४० मधे मांडलेली तीन प्लेटची पद्धत. फक्त त्यात पीळ लपून राहू शकते, तिघी जुळतात तरी पिळलेल्या असतात, म्हणून लेव्हल (पाणसळ) आडवी ठेवून दोन्ही टोकं बघायचीच.

तपासायला सोपी रीत म्हणजे ब्लू न लावता प्लेटवर ठेवा अन् एक टोक बोटानं ढकला. टोकापासून साधारण ३० टक्क्यांवर फिरली तर बरोबर. मधूनच गरकन फिरली तर पोट आलंय, पार टोकावर फिरली तर मधे खड्डा आहे.

टूलरूम_बुटीबोरी:
काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी गर्मीचं तेवढं जोडतो कारण आपल्याकडे याच गोष्टीनं काम बिघडतं. मीटरभर लांब अन् १५० मिलिमीटर उंच एजच्या वरच्या आणि खालच्या भागात फक्त एक डिग्रीचा फरक पडला तरी ती साधारण ९ मायक्रॉन वाकते. मेमधे टिनाच्या शेडखाली दुपारी घेतलेल्या मार्किंगवर विश्वास ठेवू नका, पहाटे काम करा, एज रात्रभर लेथजवळच राहू द्या, उघड्या हातानं धरू नका, लाकडी मुठी बसवा. आणि कूलरचा झोत तिच्यावर अजिबात नको, एक बाजू गार पडते अन् वरून गंजही चढतो.

हिंगणा_खराद:
खूप मोलाचं सांगितलंत काका. कास्टिंगच करतो. पण साडेचार फुटी बेडला तीन फुटी पुरते का, की पूर्ण लांबीची करू?

जुना_फिटर:
पुरते. आधी टेलस्टॉकच्या वे करा, त्या कमी झिजलेल्या असतात, मग त्यांच्यावरूनच सॅडलच्या (हत्यार घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाच्या) वे मोजा. एज सरकवताना मागच्या जागेवर निम्मी तरी चढलेली असू द्या, आणि दर वेळी ०.०२ मिलिमीटर प्रति मीटरची लेव्हल पूर्ण बेडवर फिरवा. सॅडल किती खाली बसली तेही लिहून ठेवत जा, लीडस्क्रू (सॅडल ओढणारा लांब आट्याचा दांडा) अन् एप्रनचं (सॅडलखालच्या पेटीचं) सेंटर त्यावरून जुळवावं लागते.