नऊ वर्षांच्या मुलीसह पाच दिवस वारीत चालायचे आहे. कोणता टप्पा निवडावा?

मृगसरी:
राम कृष्ण हरी. यंदा ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत काही अंतर चालण्याचा विचार आहे आणि माझी नऊ वर्षांची मुलगी बरोबर असणार आहे. आमच्या घरी सासूबाईंपर्यंत वारी होती. त्यांच्याकडून ऐकून ऐकून मुलीने स्वतःच हट्ट धरला आहे, त्यामुळे तिला नुसती गर्दी दाखवून परत आणावे असे मला वाटत नाही. अडचण वेळेची आहे. रविवार धरून सलग पाच दिवसांहून अधिक रजा मला मिळणार नाही आणि तोपर्यंत तिची शाळाही सुरू झालेली असेल. सुमारे अडीचशे किलोमीटरची संपूर्ण वाट चालणे आम्हाला शक्य नाही, हे मान्यच आहे.

परिचितांपैकी बहुतेकांनी पुणे ते सासवड हा टप्पा सुचवला, कारण तो एका दिवसात होतो. काहींच्या मते मात्र शेवटचे दिवस चालून एकादशीला पंढरपुरात पोहोचल्याखेरीज वारी घडली असे म्हणता येत नाही. दिंडीत नाव नोंदवावे की मोकळे चालावे, आणि मुलगी थकली तर तिला वाहनात बसवणे योग्य होईल का, याबद्दलही जाणकारांनी सांगावे.

रथामागचा टाळकरी:
ताई, पुणे–सासवड हा टप्पा लहान मुलासाठी सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला असला तरी सल्ला मला पटत नाही. संपूर्ण मार्गावरील सर्वांत लांब चालींपैकी ही एक आहे. अंतर तीस किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाटाची चढण, बहुधा त्याच दिवशी एकादशीचा उपवास, आणि एका दिवसापुरत्या आलेल्या हजारो लोकांची भर. घाटात मूल थकले तर बाजूला बसायला जागा मिळत नाही आणि मागे फिरण्याची सोय तर नसतेच.

आपल्या पाच दिवसांत बसेल असा भाग म्हणजे जेजुरी ते तरडगाव. जेजुरी, नीरा आणि लोणंद ही तिन्ही ठिकाणे पुणे–मिरज लोहमार्गावर असल्यामुळे जाण्यायेण्याचा प्रश्न सुटतो. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत रेल्वेने जेजुरीला पोहोचावे. पालखी सासवडहून सायंकाळी येते आणि भंडाऱ्याच्या उधळणीत तिचे स्वागत होते. त्या दिवशी गड चढण्याचा मोह टाळावा, पाय दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावेत. दुसऱ्या दिवशीची वाल्ह्यापर्यंतची चाल सुमारे बारा किलोमीटरची आहे. तिसऱ्या दिवशी वाल्हे ते लोणंद हे सुमारे वीस किलोमीटर जरा कठीण, परंतु मध्ये नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान घालण्यासाठी सोहळा थांबतो, त्यामुळे चाल आपोआप दोन भागांत विभागली जाते. लोणंदला विश्रांती मिळते आणि नंतरची तरडगावची वाट जेमतेम आठ किलोमीटरची. त्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाजवळ सोहळ्यातील पहिले उभे रिंगण होते. दुतर्फा उभ्या राहिलेल्या दिंड्यांमधून माउलींचा अश्व धावत जातो, ते दृश्य मुलीने पाहिले म्हणजे गर्दीपलीकडची वारी तिला भेटली असे समजावे. अश्व गेल्यावर टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी लोक एकदम पुढे धाव घेतात, त्या वेळी तिचा हात सोडू नये.

एक दक्षता अवश्य घ्यावी. तिथीच्या क्षय-वृद्धीनुसार लोणंद आणि फलटण येथील मुक्काम कमी-जास्त होतो, म्हणून पालखी सोहळ्याची व्यवस्था पाहणाऱ्या आळंदी संस्थानचे त्या वर्षीचे वेळापत्रक प्रसिद्ध झाल्याखेरीज रजेचा अर्ज करू नये. अधिक मासामुळे तारखाही बऱ्याच सरकतात. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती आणि २०२४ मध्ये १७ जुलैला.

ओवी_आणि_वाट:
मी माझ्या मुलाला घेऊन चाललेली आहे, त्यामुळे दिंडीच्या प्रश्नाचे उत्तर निःसंकोचपणे देते: मूल बरोबर असताना मोकळे चालू नये. दिंडीत राहण्याची, जेवणाची आणि सामानाच्या मालमोटारीची सोय असते हे तर आहेच. पण मुलाच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट ही की सोहळ्यात प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली असते. रथापुढे अमुक क्रमांक किंवा रथामागे अमुक क्रमांक एवढे मुलीला पाठ असले, तर ती चुकली तरी कोणताही वारकरी तिला तेथे आणून सोडू शकतो. भ्रमणध्वनीवर विसंबू नये, कारण गर्दीच्या तळावर अनेकदा संपर्क होत नाही. दिंडीचा क्रमांक, प्रमुखांचे नाव आणि दोन दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्या कपड्याला आतून टाचून द्यावा.

सायंकाळच्या समाज आरतीला तिला आवर्जून न्यावे. एवढा मोठा समुदाय टाळ वाजवीत असताना चोपदार दंड उंचावतात आणि क्षणात सारे शांत होते; त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची घोषणा होते आणि दिंड्यांच्या तक्रारी ऐकल्या जातात. मुलांना ही शिस्त फार लवकर कळते, आपल्याला वाटते त्याहूनही लवकर.

प्रकृतीबाबत थोडेसे. या भागात पाऊस कमी पडतो, ऊन मात्र अचानक कडक होते, आणि रस्ता रुंद करताना जुनी झाडे गेल्यामुळे पूर्वीइतकी सावली राहिलेली नाही. टोपी, स्वतःची पाण्याची बाटली आणि जलसंजीवनीची पाकिटे जवळ असावीत. नवे बूट घेऊ नयेत. महिनाभर वापरलेले, पायाला सवय झालेलेच घालावेत. वाटेत प्रेमाने हातावर ठेवलेला प्रत्येक खाऊ मुलांनी खायलाच हवा असे नाही, नमस्कार करून दिंडीतले ताजे अन्न द्यावे. सरावासाठी एका दिवशी खूप चालवण्यापेक्षा लागोपाठ तीन दिवस सहा-सात किलोमीटर चालवून पाहावे, कारण खरी कसोटी दुसऱ्या सकाळी उठताना लागते.

भीमातीर:
वरील दोघांचे म्हणणे मला मान्य आहे, तरीही शेवटच्या टप्प्याची बाजू मांडतो. वेळापूरहून भंडीशेगाव, तेथून वाखरी, असे चालले तर ठाकूरबुवांच्या समाधीजवळचे गोल रिंगण आणि बाजीरावाच्या विहिरीजवळची रिंगणे पाहता येतात, आणि भंडीशेगाव ते वाखरी ही चाल सुमारे दहाच किलोमीटरची आहे. वाखरीला निरनिराळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात, हे अन्यत्र कोठे दिसणार? मात्र एकादशीला पदस्पर्शदर्शनाच्या रांगेत मुलीला उभे करू नये. अनेक तास लागतात. नामदेव पायरी आणि कळसाचे दर्शन घेऊन परतणारे वारकरी असंख्य आहेत आणि त्यांची वारी कोणी अपुरी मानीत नाही.

मृगसरी:
सर्वांची मनापासून आभारी आहे. वाखरीचे वर्णन वाचून मन तिकडे ओढ घेते, परंतु परतीच्या वेळची गर्दी पाहता जेजुरी–तरडगाव हेच आम्हाला झेपेल असे दिसते. नीरेच्या स्नानाच्या वेळी मुलीला घाटावर न्यावे का? आणि वाहनाबद्दलचा प्रश्न राहिला आहे.

रथामागचा टाळकरी:
घाटावर नेऊ नये. स्नानाच्या वेळी पाण्याजवळ फार दाटी होते. थोडे आधी पुलाकडे जाऊन दुरून पाहावे आणि दिंडीतील एखाद्या मावशींना आपण कोठे उभे आहोत हे सांगून ठेवावे.

वाहनाविषयी मनात किंतु नसावा. गळ्यात तुळशीची माळ असलेल्यांनी नेमाने वारी करावी हा त्यांचा नेम आहे. नऊ वर्षांच्या मुलीवर किती पावले चालावी याचे बंधन कोणत्याही फडाने, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत गटाने, घातलेले नाही. नीरेपर्यंत तिचे पाय दुखू लागले तर दोघींनी तेथून रेल्वेने लोणंद गाठावे आणि तळावर पालखीची वाट पाहावी. त्या दिवशी रस्त्याची वाहतूक वळवलेली असते, म्हणून रिक्षा किंवा एसटीच्या भरवशावर राहू नये, आणि गाडीची वेळ घरूनच लिहून न्यावी. दिंडीप्रमुखांशी बोलताना तीन गोष्टी आधीच विचाराव्यात: चार दिवसांपुरती नोंदणी घेतात का आणि त्याची भिशी (जेवणखर्चाची वर्गणी) किती, स्त्रियांसाठी स्वतंत्र राहुटी आहे का, आणि पहाटे अंघोळीला टँकरपाशी अंधारात किती लांब जावे लागते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुरुषांना बहुधा ठाऊक नसते, म्हणून तो दिंडीतील एखाद्या माउलीलाच विचारावा.