दाढेचा आकार म्हणजे आहार नव्हे

मृण्मयी:
परवा इथे कुणीतरी ठामपणे लिहिलं, ‘पॅरँथ्रोपस बॉयसेईच्या दाढा प्रचंड, इनॅमल जाड, म्हणजे तो कठीण बियाच फोडून खायचा.’ वाचून राहवलं नाही. (बॉयसेई म्हणजे माणसाचा आफ्रिकेतला एक नामशेष नातलग, आणि इनॅमल म्हणजे दातावरचं कडक आवरण.) १९५९ साली टांझानियात ओल्डुवाईला त्याची कवटी सापडली आणि ‘नटक्रॅकर मॅन’ हे नाव चिकटलं ते दाढांच्या आकारावरून. आकारावरून कळतं ते दाढेला काय झेपलं असतं. रोज काय चावलं हे झिजलेल्या पृष्ठभागावरच, सूक्ष्मदर्शकाखाली, बघावं लागतं. कठीण वस्तू फोडली की खळगे पडतात, चिवट पानं चावली की एका दिशेचे ओरखडे. २००८ मध्ये अंगर, ग्राइन आणि टीफर्ड या संशोधकांनी बॉयसेईच्या सात जणांच्या दाढा तपासल्या. बिया फोडणाऱ्या प्राण्यासारखे खळगे एकाच्याही दाढेवर नव्हते.

जीवाश्मवाला:
सात दाढांवर अख्ख्या प्रजातीचा निकाल? या खुणा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत पुसून नव्या पडतात. तुम्हाला दिसतात ते मरणाआधीचे शेवटचे घास. टंचाईच्या महिन्यात बिया फोडल्या आणि जीव गेला सुकाळात, तर दाढेवर काय उरणार?

मृण्मयी:
एका दाढेला हा आक्षेप लागू आहे. पण इथिओपिया, केनिया, टांझानियातले सातही जण सुकाळातच मेले? आणि २०११ चं समस्थानिकांचं काम विसरलात, म्हणजे दातातल्या कार्बनच्या प्रकारांवरून आहार ओळखण्याचं. २२ जणांच्या इनॅमलमधला सुमारे ७७ टक्के कार्बन सी-४ वनस्पतींचा, म्हणजे गवत नाहीतर लव्हाळ्यांचा. तो दात घडतानाच आत बसतो, आठवड्यात पुसला जात नाही.

गारगोटी:
ओरखडे अन्नानेच पडतात हे दोघांनीही गृहीत धरलंय, आणि चूक तिथेच आहे! २०१३ मध्ये लुकास आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की क्वार्ट्झचा कण इनॅमल खरवडून काढतो, गवतातला सिलिकाचा कण नुसती चरी दाबतो. कारण तो इनॅमलपेक्षा मऊ असतो. मग तुम्ही आहार वाचताय की वाऱ्याने आलेली धूळ?

मृण्मयी:
मेंढ्यांवर नेमका हाच प्रयोग झालाय, २०१६ मध्ये. चारा धूळ घालून आणि न घालता दिला. धूळ होती तरी चाऱ्यांमधला फरक खुणांत दिसला.

गारगोटी:
बरं, मेंढ्यांपुरतं मान्य. पण खुणा मोजतात त्या दाढेचा साचा घेऊन बनवलेल्या प्रतिकृतीवर, आणि निम्मा घोळ त्या साच्यातच होतो, त्यावर कुणी बोलत नाही. आधी ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या कापसाने दाढेवरचा जुना चिकट थर हळू काढायचा. पहिला सिलिकॉन ठसा सरळ फेकायचा, तो फक्त मळ उचलतो. दुसऱ्यात इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारं राळेसारखं द्रव्य, ओतायचं, एका कडेने, सावकाश. सिलिकॉनमध्ये बुडबुडा राहिला तर प्रतिकृतीवर उंचवटा येतो, तो ओळखू येतो. इपॉक्सीत राहिला तर गोल खळगा पडतो, आणि तोच ‘कठीण बी’ म्हणून मोजला जातो! शिवाय दाढेची चावण्यात न येणारी बाजूही बघा. तिथेही तसेच ओरखडे असले, तर ते गाळात घासून पडलेत. अशी दाढ मोजायचीच नाही.

जीवाश्मवाला:
हे आधी सांगायला हवं होतं. मूळ विषय मात्र साच्यांखाली गाडला गेलाय. जाड इनॅमल मग कशाला लागलं? शोभेला?

मृण्मयी:
झीज सोसायला. गवत-लव्हाळी वर्षानुवर्षं दळायची, त्यात धूळ मिसळलेली, तर जाड थरच टिकतो. आणि बॉयसेईचा दक्षिण आफ्रिकेतला भाऊबंद, पॅरँथ्रोपस रोबस्टस, बघा. त्याच्याही दाढा मोठ्या, इनॅमल जाड, पण त्याच्या काही दाढांवर कठीण वस्तूंचे खळगे आहेत. ठेवण मिळतीजुळती, खुणा वेगळ्या.

जीवाश्मवाला:
‘बियाच’ मधला ‘च’ मी मागे घेतो. टंचाईचा मुद्दा सोडलेला नाही. सात दाढांच्या सत्तर होऊ द्या, मग बोलू.