मदत हवी आहे: सारांशात 'जर-तर' गळतंय, काय करू?

पुण्यात एफवायबीएला शिकवते, वर्गात साठ-सत्तर मुलं, निम्मी एमपीएससीच्या नादात. सध्या डॉ. आंबेडकरांचं संविधान सभेतलं 25 नोव्हेंबर 1949 चं भाषण घेतलंय, मराठी अनुवादातून.

सारांश लिहायला सांगितलं की प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य उचलतात, ते एकवेळ चालेल, पण खरा घोळ अटींचा आहे. बाबासाहेब म्हणतात की घटनात्मक मार्ग उपलब्धच नव्हते तेव्हा सत्याग्रह, असहकार यांचं समर्थन करता येत होतं, आता ते मार्ग खुले आहेत म्हणून हे सोडायला हवं. वर्गाच्या वहीत याचं होतं 'आंबेडकरांचा आंदोलनाला विरोध होता'. संपलं! मग त्यावर विश्लेषण म्हणून स्वतःची मतं, तीही व्हॉट्सअ‍ॅपवरची.

समासात एकेक ओळ लिहून झाली, पुस्तक मिटवून लिहून झालं, नमुना उत्तर दिलं तर ते पाठ करून आले. एआयचा सारांश तर लगेच ओळखू येतो, त्यामुळे घरी काही देत नाही, जे काय ते वर्गातच. सोपा उतारा घ्या असं कृपया सुचवू नका, अभ्यासक्रमातलाच आहे. एक तृतीयांश शब्दांचा नियम त्यांना माहितीये.

तर 50 मिनिटांच्या तासात, सगळ्या वह्या मी न तपासता, 'पण', 'जर', 'तोपर्यंत' असे शब्द मुलं स्वतःच पकडतील आणि तिथूनच विश्लेषणाकडे वळतील असा एखादा वर्गात करून पाहिलेला उपक्रम आहे का कोणाकडे?