घर भाड्याने दिलं, पुढे काय झालं? (घरमालकांचे अनुभव)

महाराष्ट्रात दुसरा फ्लॅट घेऊन भाड्याने देणाऱ्यांसाठी हा धागा. एजंट काय सांगतो ते आपण सगळे ऐकतो. किल्ल्या दिल्यानंतर काय घडलं ते लिहा. माणसांची आणि सोसायट्यांची नावं टाळा.

सुरुवात मी करते. घर घेताना फक्त भाडं बघू नका. 60 लाखांचा फ्लॅट, भाडं 15,000, म्हणजे वर्षाचे 1,80,000. यातून मेंटेनन्स 30,000, घरपट्टी 9,000, एक महिना घर रिकामं आणि एक महिन्याचं भाडं दलालीत. उरले 1,11,000, म्हणजे दोन टक्क्यांच्याही आत, आणि यात रंगरंगोटी धरलेलीच नाही. कर्ज काढून घेणार असाल तर हप्ता भाड्यातून फिटेल ही आशा सोडा.

*

आमचा भाडेकरू मुदत संपल्यावर हलेना. "मुलाची परीक्षा होऊ द्या," मग "दुसरीकडे टोकन दिलंय." सुदैवाने लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याचा) रीतसर नोंदवलेला होता. भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 24: मुदत संपूनही जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा वादांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि तेवढ्या काळाचं शुल्क, म्हणजे करारातलं भाडं, दुप्पट लागतं. वकिलाच्या नोटिशीत हे स्पष्ट लिहिल्यावर महिन्याच्या आत घर रिकामं झालं.

माझ्या एका मावसभावाकडे फक्त नोटरी केलेला कागद होता. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे! त्याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, आणि नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. उलटं सिद्ध करायचं ओझं आपल्यावर. भाऊ अजून तारखांना जातोय. आणि कितीही संताप आला तरी पाणी-वीज तोडू नका, तक्रार आपल्यावरच उलटते.

*

वरच्या हिशोबात दुरुस्ती धराच. आमच्याकडे सिंकखालचा पाइप कित्येक महिने ठिबकत होता. ट्रॉलीचं प्लायवूड फुगून दार लागेना, आणि खालच्यांच्या छताला ओल आल्यावर आम्हाला कळलं. भाडेकरू वाईट नव्हता, त्याला ते महत्त्वाचं वाटलं नाही एवढंच. आता दर तीन-चार महिन्यांनी आधी फोन करून चक्कर मारतो, करारात तसं कलमच घातलंय. किल्ल्या देताना ओटा, नळ, बाथरूम, खिडक्यांची काच सगळ्याचा व्हिडिओ काढतो आणि वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो दोघांच्या व्हॉट्सॲपवर ठेवतो. शेवटचं बिल भरल्याशिवाय डिपॉझिट परत नाही.

*

आमची सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल मनाला येईल तेवढे पैसे लावत होती. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते बिनभोगवटा शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस) सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. लेखी पत्र दिलं, पुढच्या बिलात आकडा उतरला.

*

मी परदेशात असते. अनिवासी मालकाला भाडं देताना भाडेकरूने टीडीएस (भाड्यातून आधीच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापायचा असतो, हे आमच्या भाडेकरूला माहीतच नव्हतं. नंतर निस्तरताना दोघांनाही मनस्ताप झाला. आता बोलणी सुरू होतानाच सांगते. ज्याला ती कटकट नको, तो तिथेच नाही म्हणतो, आणि ते मला परवडतं.