मदत हवी आहे: फ्रॅक्टल नॉर्थ घ्यावी की लियान ली ओ११ डायनॅमिक?

रायझेन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्डासाठी कॉम्प्युटरची कॅबिनेट निवडायची आहे. एअर कूलिंगच ठेवणार. खोलीत एसी नाही, पुण्यातला एप्रिल-मे आणि रस्त्याची धूळ धरून चाला.

दिसायला ओ११ फारच देखणी, समोर आणि बाजूला अखंड काच. पण तिच्यासोबत एकही फॅन येत नाही. हवा खालून आणि बाजूने घ्यावी लागते. जमिनीवर ठेवली तर खालचे फॅन फरशीवरची धूळ थेट ग्राफिक्स कार्डावर फेकणार. शिवाय प्रोसेसरवरच्या कूलरला उंची १५५ मिमीच मिळते, म्हणजे १६५ मिमीचा नॉक्टुआ एनएच-डी१५ बसतच नाही.

नॉर्थला समोर लाकडी पट्ट्या, त्यांच्यामागे जाळी आणि १४० मिमीचे दोन फॅन आधीच बसवलेले. काचेच्या पॅनेलच्या मॉडेलमध्ये १७० मिमीपर्यंत कूलर मावतो. माझा कल इकडेच आहे. मागे १२० मिमीचा एक एक्झॉस्ट (हवा बाहेर टाकणारा फॅन) जोडणार, म्हणजे आत येणारी हवा जास्त राहील आणि फटींतून धूळ कमी ओढली जाईल.

अडलंय ते इथे: वरती आणखी एक एक्झॉस्ट लावावा का? पुढच्या बाजूला लावला तर कूलरपर्यंत पोहोचायच्या आतच गार हवा बाहेर जाईल, म्हणून मागच्या कोपऱ्यात लावायचा विचार आहे. नॉर्थ वापरणाऱ्यांनी सांगा, त्याने तापमानात खरंच फरक पडतो का? आणि पट्ट्यांमागची जाळी किती दिवसांनी साफ करावी लागते?